सोळावं जोडपं

शुक्रवारी दुपारी, वाल निवडता निवडता, विनितानं एक छोटासा निर्णय घेतला. ज्या एका जोडप्यासाठी वाडी-वस्ती पालथी घालून तिच्या टाचा ठणकायला लागल्या होत्या, ते जोडपं आता फोनवरच शोधायचं. निर्णय इतका छोटा होता की तो घेताना तिनं वाल निवडायचंही थांबवलं नाही. (थांबवायला हवं होतं. पण वाल म्हटले की खडे असतातच. बाई खड्यांकडे बघणार की नशिबाकडे?)

विनिताचे सोळा सोमवार पुरे झाले होते. येत्या सोमवारी उद्यापन. सोळा जोडप्यांना शंकर-पार्वती मानून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं आणि पोटभर जेवू घालायचं. व्रत तिनं धरलं होतं ते नवऱ्याच्या धंद्यासाठी. हर्षद मुंबईकरांचे सुट्टीतले बंगले सांभाळणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता. ती नोकरी सोडून त्यानं स्वतःचं तसलंच काम सुरू केलं : बंगले झाडणं, बागा शिंपणं, शेठलोक यायच्या आधी चादरी बदलणं. धंदा हर्षदचा, चादरी मात्र विनिताच्या. मांडव्याला बोटीतून उतरलेली मुंबई शनिवार-रविवार ज्या चादरींवर लोळे, त्या सोमवारी विनिताच्या अंगणात वाळत पडत. उपास करून धुणं आणि धुणं करून उपास, असं तिचं चाललं होतं. महादेवाकडे तिचं मागणं एवढंच होतं की धंदा उभा राहू दे, म्हणजे मला जरा बसता येईल.

पंधरा जोडपी जमली होती. सोळावं होतं चुलतदिराचं, पण ती जाऊबाई मुलीच्या बाळंतपणाला पनवेलला गेली. गावात माणसं काही कमी नव्हती, जोड्या नव्हत्या. कुणाचा नवरा उरणला कंटेनरवर, कुणाची बायको बंगल्यावर स्वयंपाकाला. शेजारच्या नीराबाईंचे यजमान तर जहाजावर. वर्षातून दोनदा येत आणि आले की झोपत.

तर विनितानं हात पदराला पुसले आणि फोन उघडला. अलिबागच्या बातम्या, भाड्याच्या खोल्या, हरवलेली मांजरं असं सगळं ज्यात येतं त्या फेसबुकच्या ग्रुपवर तिनं लिहिलं :

‘निर्व्यसनी, स्वच्छ व देवाधर्माचे एक जोडपे तातडीने पाहिजे. सोमवारी सकाळी हजर व्हावे. जेवण आमच्याकडे. मानपान योग्य तो केला जाईल. वयाची अट नाही.’

(‘स्वच्छ’ घालायचं कारण असं की मागे घरच्या एका पूजेला नात्यातलं एक जोडपं चिखलणी करून थेट पाटावर आलं होतं आणि पाय धुता धुता तिची कंबर धरली होती.)

आता ज्यानं आमच्या भागात चार दिवस काढलेत त्याला सांगायला नको, की ‘निर्व्यसनी जोडपे पाहिजे’ ही जाहिरात इथं रोज येते. बंगल्यावर राहायला, राखायला आणि रांधायला लोकांना जोडपंच लागतं. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण हर्षदच्या फोनमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून धंद्याचं पान त्यानं विनिताच्या फोनवर उघडून दिलं होतं. त्यामुळे विनिताचं मागणं विनिताच्या नावानं गेलंच नाही. ते गेलं ‘हर्षद बंगला केअर’ या नावानं, वर हर्षदचा हात जोडलेला फोटो.

आणि हर्षदचे हात खरोखरच बांधलेले होते.

कंपनी सोडताना मालक विपुलशेठनी त्याच्याकडून एक करार लिहून घेतला होता. वर्षभर कंपनीच्या कुठल्याही कामगाराला प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष, स्वतः, दुसऱ्यामार्फत किंवा समाजमाध्यमांवरून आपल्याकडे ओढायचं नाही. ओढलं, तर कोर्टातून धंद्यालाच कुलूप. हर्षद मुळात पापभीरू माणूस. त्यानं हा करार एखाद्या सोवळ्यासारखा पाळला. कंपनीच्या ग्रुपमधून बाहेर पडला. जुन्या सोबत्याच्या मुलाच्या वाढदिवसाचा फोटो समोर आला तर अंगठा मुठीत दाबून धरी, चुकून लाईक जाईल म्हणून. चोंढीच्या नाक्यावर कंपनीचा माळी काळूराम स्कूटरवरून “काय हर्षदभाऊ!” म्हणून ओरडला, तर हा विजेच्या खांबावरच्या कावळ्याकडे बघत राहिला.

“माणूस वळख देत न्हाय आताशा,” काळूरामनं घरी जाऊन बायकोला सांगितलं. “मोठा झाला.”

आणि शुक्रवारी संध्याकाळी काळूरामच्या बायकोनं, केसरनं, ती पोस्ट पाहिली.

“वयनी, मी केसर बोलतेय. त्या जोडप्याचं खरं हाय काय?”

“अगं बाई, केसर!” विनिताला इतका आनंद झाला की ती पायरीवरच बसली. तोवर फोन आले होते बरेच, पण एक जण बंगल्याला कुत्रा आहे का विचारत होता, दुसरा रविवारची सुट्टी मागत होता. पोटभर जेवायला येतानाही लोक अटी घालतात, कलियुग म्हणतात ते हेच, असं तिच्या मनात आलं होतं. “खरं म्हणजे काय, देवाचं काम आहे. तुम्ही दोघं याल?”

“आमी कवाची वाट बगत होतो. ह्यांना वाटलं भाऊ आमाला इसरले.”

“विसरतील कसे? पण सध्या त्यांना काही बोलू नकोस हं. त्यांना बोलायची बंदी आहे. हे मी बोलावतेय.”

“समजलं,” केसर आवाज उतरवून म्हणाली. “आणि वयनी, द्यायचं-घ्यायचं?”

“दक्षिणा, नारळ, तुला खण. आमच्या ऐपतीप्रमाणे.”

केसरनं मनात हिशेब केला. मग म्हणाली, “बाकीचं आल्यावर बोलू. माणूस चांगला असला की झालं.”

काळूराम-केसर हे कंपनीचे कामगार आहेत, हे विनिताला माहीत नव्हतं का? होतं की. पण करार झाला कामाचा. जेवणाला कसला करार? शिवाय कंपनीला सुट्टी सोमवारची. शनिवार-रविवार राबून सोमवारी मोकळं असणारं जोडपं महादेवानंच राखून ठेवलं असलं पाहिजे. तिनं देवापुढे साखर ठेवली आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपली.

सोमवारी सकाळी गुरुजी पूजा सांगून दुसऱ्या यजमानांकडे गेले. दुपारी जेवायला येतो म्हणाले. पडवीत पाट मांडले, रांगोळ्या घातल्या. पंधरा जोडपी बसली. वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी, वरणभात, चुरमा. (कांदा नाही. आढ्याला पांढऱ्या कांद्यांच्या माळा लटकत होत्या, त्या तेवढ्या बघून घ्यायच्या.) तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि त्यातून सोळावं जोडपं उतरलं. मागोमाग एक पत्र्याची ट्रंक, दोन वळकट्या, कुकर, टेबलफॅन आणि खुराड्यात चार कोंबड्या.

“आलो बगा भाऊ,” काळूराम हर्षदला म्हणाला. “शेठला कालच सांगून टाकलं, उद्यापासून येत न्हाय. म्हटलं, भाऊनी बोलावलंय.”

हर्षदच्या हातातला तांब्या पडला नाही, कारण तो त्यानं छातीशी कवटाळला होता.

“मी? मी कधी बोलावलं?”

“आता ऱ्हाऊ द्या की. बंदी हाय ते वयनीनी सांगितलंय. फेसबुकला घातलंत, बास झालं.”

“विनिता!” हर्षद दबक्या आवाजात ओरडला. “काय घातलंस तू फेसबुकला?”

विनितानं ट्रंकेकडे पाहिलं, मग कोंबड्यांकडे. जेवायला येताना कुकर कोण आणतं, हे कोडं तिला उलगडायला थोडा वेळ लागला. उलगडलं तेव्हा ती हर्षदकडे बघेना.  

“आपलं दुकान बंद होणार,” हर्षद म्हणाला. “शेठ कोर्टात जाणार. तुझ्या सोळा सोमवारांनी सोळा महिनेही टिकू दिलं नाही मला.”

तो असं कधी बोलत नसे. विनिताचे डोळे भरून आले, पण रडायलाही सवड नव्हती, कारण रस्त्यावर एक पांढरी गाडी वळत होती.

“शेठची गाडी…” असं पुटपुटत हर्षदनं काळूरामला, केसरला, ट्रंकेला आणि कोंबड्यांना एकदमच मागच्या दारानं लोटलं आणि त्यांच्यामागे स्वतःही गेला.

विनितानं शेठना कधी पाहिलं नव्हतं, आणि घाबरलेल्या हर्षदचं पुटपुटणं तिला धड कळलं नव्हतं. गाडीतून एक भारदस्त गृहस्थ उतरले, सोबत काळा कोट हातावर टाकलेली एक तरुण बाई. विनिता पुढे होण्याआधीच तिच्या सासूबाई, कोकिळाबाई, उंबऱ्यावर पोचल्या.

“या, या! पान वाढलेलंच हाय.”

“आम्ही जेवायला नाय आलो,” गृहस्थ म्हणाले. “हर्षद किधर हाय?”

“हर्षद हितंच हाय, कुटं जातोय. उद्यापनाच्या पंक्तीला दारात आलेला माणूस शंकर असतो. शंकर उपाशी माघारी गेला तर आमचं काय ऱ्हाईल? बसा.”

शेठ धंद्यात कुणाला ऐकणारे नव्हते, पण देवाचं नाव निघालं की त्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीला जाई. त्यांनी समोरच्या पंधरा जोडप्यांकडे पाहिलं, चुरम्याकडे पाहिलं आणि चपला काढल्या.

“अहो, मी यांची वकील आहे,” ती तरुण बाई म्हणाली. तिचं नाव मृणाल. अलिबागच्या कोर्टातून ती नुसत्या चहावर निघाली होती.

“बायको नवऱ्याची वकीलच असते,” म्हणत कोकिळाबाईंनी तिला खांद्याला धरून शेठच्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि विनिताच्या कानाशी पुटपुटल्या, “दुसरेपणाची दिसतेय. पण तू बोलू नको. जोडपं ते जोडपं.”

विनिता खरोखरच दमली होती. दमलेल्या माणसाला देव जे वाढेल ते गोड लागतं. सोळावा पाट भरला, एवढंच तिला दिसलं. तिनं दोघांचे पाय धुतले, पुसले, हळदकुंकू लावलं. पंक्तीतून कुणीतरी ओरडलं, “नाव घ्या, नाव! नव्या वयनीनी नाव घ्या!”

मृणालताई उभ्या राहिल्या. समोर माणसं जमून आपल्याकडे बघू लागली की उभं राहायचं, ही त्यांची सवय. “विपुलशेठ…” त्या म्हणाल्या आणि पुढचं सवयीनंच आलं, “विरुद्ध हर्षद…”

“इरुद्ध कशाला गो घेतेस?” कोकिळाबाई म्हणाल्या. “नवऱ्याचं एकट्याचं घे.”

पंक्तीत हशा पिकला. विनिताच्या कानात मात्र ‘विपुलशेठ’ एवढंच उरलं. तिनं मागे वळून पाहिलं. मागच्या दारात हर्षद येऊन उभा होता आणि दोन्ही हातांनी ‘नको, नको’ अशा खुणा करत होता. ‘आता काय नको?’ तिच्या मनात आलं. ‘पाय धुऊन झालेत.’

इतक्यात नीराबाई म्हणाल्या, “विनिता, तुझा फोन केव्हाचा वाजतोय. अजून जोडपी विचारतायत. मिळालं म्हणून टाकून दे, म्हणजे थांबतील.” विनिताचे हात कुंकवाचे होते, म्हणून नीराबाईंनीच तिच्या फोनवर फोटो काढला आणि मजकूर लिहून ग्रुपवर टाकलाही : ‘सोळावे जोडपे मिळाले. महादेवाची कृपा. कृपया फोन करू नयेत.’ फोटोत पाटावर विपुलशेठ, डोक्यावर अक्षता. शेजारी मृणालताई, कपाळभर कुंकू.

शेठनी चुरम्याचा पहिला घास घेतला. दुसरा घेतला. “तूप बरोबर हाय,” ते म्हणाले. आणि मागच्या पडवीतून केसरला ते बघवेना. विनिताचं सगळं लक्ष शेठच्या तोंडाकडे, वरण पानाबाहेर सांडत होतं. शेठला वाढायची केसरची कैक वर्षांची सवय. ती डाव घेऊन सरळ पुढे आली. “शेठ, भात घ्या. तुमाला वरण जास्त लागतंय.”

“ठेव थोडा,” शेठ म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. “केसर! तू इकडे?”

पंक्तीतले हात थांबले. मागे एक कोंबडी ओरडली. काळूराम दारात येऊन हात जोडून उभा राहिला आणि त्याच्या शेजारी हर्षदही.

“बघा वकीलबाई,” शेठ म्हणाले, “बघा! माझाच माळी, माझीच बाई, माझ्याच समोर!”

मृणालताईंनी घास गिळला, हात न धुता डाव्या हातानं फोन काढला आणि पोस्ट मोठ्यानं वाचली. “ही कुणाची?”

“माझी,” विनिता म्हणाली. तिनं वरणाचं भांडं खाली ठेवलं. “ताई, यांना काही माहीत नाही. यांनी तर काळूरामभाऊंशी बोलायला नको म्हणून कावळे बघितले. मला उद्यापनाला एक जोडपं कमी पडत होतं, तेच मागितलं मी. चूक झाली असेल तर माझी. कुलूप लावायचं तर माझ्या फोनला लावा, यांच्या कामाला नको.”

“पगार किती कबूल केला होता?”

“दक्षिणा आणि नारळ.”

“मला खण पन,” केसर खालच्या मानेनं म्हणाली. “मला तवाच जरा कमी वाटलं.”

“आणि मुदत किती?”

“एक जेवण,” विनिता म्हणाली.

मृणालताई शेठकडे वळल्या. “शेठ, हे मी न्यायाधीशांपुढे कसं मांडू? शिवाय समोरच्या पक्षानं माझे पाय धुतलेत.”

शेठ काही बोलणार, तोच त्यांचा फोन वाजला. विनिताची पहिली पोस्ट शेठना दाखवली होती ती त्यांच्या बायकोनं. कारण हर्षदवर लक्ष ठेवायचं काम शेठनीच तिच्यावर सोपवलं होतं. ते काम ती चोख करत होती, म्हणून फोटोची पोस्टही तिनं लगेच पाहिली होती. फोनमधून आवाज पंक्तीच्या टोकापर्यंत आला.

“विपुल, आ कोण छे?”

शेठनी फोन कानापासून लांब धरला. पंक्तीत एकदम सगळ्यांना भाताची आठवण झाली. शेठच्या चेहऱ्यावरचा मालक भराभर उतरत गेला, आणि उरला तो एक घाबरलेला नवरा. तसा तर मागच्या दारात आधीच एक उभा होता.

“बेन,” शेठ विनिताला म्हणाले. कोर्टकचेऱ्या करणारा माणूस, पण आवाज पार मऊ. “तुम्ही बोला ना जरा हिच्याशी.”

विनितानं फोन घेतला. व्रत, पाट, सासूबाई, चुरमा, वकीलबाईंचा उपाशी चेहरा, सगळं तिनं शांतपणे सांगितलं. पलीकडची बाईही सोळा सोमवारवाली निघाली. बोलता बोलता दोघी गूळ कुठला घ्यावा इथपर्यंत पोचल्या. फोटो लगेच काढून टाकला. (तोवर त्याला ‘लक्ष्मीनारायणाचा जोडा’ अशा बऱ्याच शुभेच्छा येऊन गेल्या होत्या.)

फोन परत देताना विनिता एवढंच म्हणाली, “शेठ, यांचं काय?”

“काय यांचं? करार हाय तसा राहील. वर्ष होऊ दे.” शेठनी पानातला शेवटचा चुरमा गोळा केला. “नोटीस नाय. काळूराम, गाडीत जागा हाय. चल.”

“आन कोंबड्या?”

“कोंबड्या पण घे!”

दुपार कलली. ट्रंक, फॅन आणि खुराडं शेठच्या पांढऱ्या गाडीत चढलं. केसर जाताना खण विसरली नाही. हर्षद विनिताजवळ येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “मघाशी मी बोललो ते…”

“असू दे,” विनिता म्हणाली. “जेवून घ्या.”

तिला बरं वाटत होतं. धंदा वाचला, सोळा पाट उठले. महादेवानं आडवाटेनं का होईना, घरापर्यंत आणून सोडलं. उष्टी काढून ती जरा टेकणार, तोच गुरुजी आले. हातपाय धुऊन पानावर बसता बसता त्यांनी चौकशी केली. विनितानं खरं ते सांगितलं. व्रतात खोटं कसं बोलायचं?

गुरुजींनी विचार केला. “म्हणजे पंधरा जोडपी आणि दोन सुटी माणसं.”

“मग आता?” विनितानं विचारलं. “काळूराम-केसरलाही पाटावर बसवायचं राहूनच गेलं. आता नवं जोडपं कुठून आणू?”

“नवं कशाला? तुम्ही दोघं आहात ना! एखादं कमी पडलं तर आपल्याकडे यजमान जोडपंच सोळावं धरतात. बसा शेजारी-शेजारी, झालं.”

 पायपीट, पोस्ट, ट्रंक, कोंबड्या, वकीलबाईंचे पाय, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. कोकिळाबाई दारात सुपारी कातरत बसल्या होत्या.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “माज्या उद्यापनाला आमी दोगंच बसलो व्हतो सोळावी.”

“आई! तुम्हाला माहीत होतं?”

“म्हंजे? ठाव न्हाय व्हय मला?”

“मग बोलला का नाहीत?”

कोकिळाबाईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“तू मला इचारलंस कवा? तू फेसबुकला इचारलंस.”